जहाजावरून आलेला खेळ

हर्णै, ४ ऑगस्ट १९८६

ती. दादास,
दमयंतीचा सा. न. वि. वि.

मागच्या रजेत तू जहाजावरून आणलेला टीव्हीवरचा चेंडूचा खेळ मी दापोलीच्या एका वकिलांच्या मुलांना दिला. त्याबदल्यात त्यांनी माझ्या शाळेला बारा पुस्तके दिली. रागावू नकोस. मालन नववीत गेली तरी दुपारभर ती त्याची वायरीला जोडलेली बटणे हातात धरून फिरवत असते, असे शेजारच्या हौसाकाकी सांगत होत्या. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझेही काही कर्तव्य आहे.

मालन रडली. आबांनीही घशातून आवाज काढत डावा हात हलवला. मी हसून म्हटले, तुम्ही नेहमी तिचीच बाजू घेता. अर्धांगवायूने त्यांचे बोलणे गेले, धाकटीचे लाड मात्र गेले नाहीत.

तुझी माया असू दे.
दमयंती

दुबई बंदर, २८ ऑगस्ट

चि. बी. ए. बाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तो खेळ आबांसाठी होता. डॉक्टरांनी उजव्या हाताला काम द्यायला सांगितले होते. रबरी चेंडू दाबायला आबा तयार नव्हते. बटण मात्र आवडीने फिरवत. चाळीस वर्षे होडीचे सुकाणू धरलेला माणूस. मे महिन्यात अंगठा हलू लागला होता.

तू शाळेतून येण्याआधी मालन सगळे आवरून ठेवी. शिकलेल्या लेकीसमोर पोरखेळ करायची आबांना लाज वाटे, म्हणून मीच तिला गणपतीची शपथ घातली होती. चूक माझीही आहे. पोरीला बोलू नकोस.

तुझा,
आत्माराम

हर्णै, २२ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाले त्याच दिवशी पुस्तके घेऊन दापोलीला गेले. वकिलीणबाईंनी खेळ दिला, पुस्तकेही परत घेतली नाहीत. मी आणखीच ओशाळले.

आबांची माफी मागितली. त्यांनी भिंतीकडे तोंड केले. पंधरा दिवस ते फक्त मालनबरोबर खेळले. मी आत गेले की बटण खाली ठेवत. अंगठा पुन्हा आखडला आहे. आवाज काढून ते मला थांबवत होते आणि मी हसले, हे मनातून जात नाही. शाळेत मुलांना मी ऐकायला शिकवते.

काल रविवारी मालन मासळीच्या लिलावाला गेली होती. मी दाराबाहेर तांदूळ निवडत होते. आतून टीव्हीवर थाप ऐकू आली. गेले, तर आबांनी दुसरे बटण माझ्या बाजूला सरकवले होते. ते पुन्हा थोडे पुढे ढकलले. उजव्या हाताने.

आम्ही अंधार पडेपर्यंत खेळलो. मी सगळे डाव हरले.

आठवण ठेव.
दमयंती