हिरीच्या जागी ढोल

३ फेब्रु., मंगळवार
हिरीला मी मारली म्हणे. जिवंतपणी, तिच्या नातवाच्या हळदीत, सगळ्या वरसावा गावासमोर. आणि मी तेव्हा इथं खारीत, घरच्या मोरीपाशी बसून बोंबील साफ करत होते.
सायली, माझी नात, कामावरून आली तीच हे सांगत. तिच्या फोनात आधी येतं, मग माझ्या कानात.
झालं असं. हिरीच्या घरच्यांनी हळदीची गाणी, धवले, म्हणायला धवलारीण बोलावलीच न्हाय. माझा धवला फोनात हाय ना, तोच लावला मोठ्या स्पीकरवर. हिरीनं आणि मी चाळीस वर्षं गावोगावच्या लग्नांत धवले म्हटले. आता तिच्याच घरी बोलावणं गेलं माझ्या गळ्याला, मला न्हाय.
धवल्यात त्या घरची गेलेली माणसं हळदीला बोलवायची असतात, नाव घेऊन. फोनातला धवला आमच्या शेजारच्यांच्या लग्नातला, सायलीनं तीन वर्षांमागं भरून घेतलेला. त्यांची गेलेली सासू पण हिराच. तर वरसाव्यात स्पीकर म्हणाला,
सरगातली हिराय, मांडवी ये गो.
आणि वरसाव्याची हिराय समोर खुर्चीत. धडधाकट. मांडीवर हळदीची वाटी.
वाटी ठेवली आणि आत गेली. नातवाला हळद लावली न्हाय.

४ फेब्रु., बुधवार
फोन केला. हिरीच्या सुनेनं घेतला. आई झोपल्यात. सकाळी अकराला? हिरी जन्मात कधी अकराला झोपली न्हाय.
परत केला. आंघोळीला गेल्यात.
सा.ला म्हटलं, ते गाणं पुसून टाक. ती म्हणते, आजी, माझ्यातलं पुसून काय होणार, मी फक्त घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून उत्तनला गेलं, तिथून कुठं कुठं, मला पण माहीत न्हाय.
पूर्वी पण चाली गाव सोडून जायच्या. पण नवरी सासरी गेली की तिच्यासंगती, चालत. पोचेपर्यंत नावं बदललेली असायची.

६ फेब्रु., शुक्रवार
कामात लक्ष न्हाय. भाजीत मीठ दोनदा. माझ्या सुनेनं गप खाल्ली, तेच जास्त लागलं.
लग्न असलं की हिरी आणि मी मिठागराच्या बांधावरून निघायचो, चपला हातात घेऊन. आता तिथं बिल्डिंगी. लग्नघरी पोचलं की पहिलं गाणं न्हाय. पहिलं विचारायचं. कोण हाय, कोण न्हाय. असलेल्यांची नावं माझ्याकडं, गेलेल्यांची हिरीकडं. हिरी पदराला एकेकाची गाठ मारायची. आजा, एक. चुलती, दोन. एका घरी सात गाठी झाल्या, पदर तोकडा पडला, तर माझा ओढून घेतला भवानीनं.
मग नाव कोणाकडचं पण असो, पहिलं अर्ध मी टाकायचं, पुढचं हिरीनं उचलायचं. एकटीनं धवला म्हणता येत न्हाय. येतो, पण त्याला रडणं म्हणतात.
पहाटे घरी येताना एकेक गाठ सोडायची. माणसं परत पाठवायची जिथल्या तिथं. फोनातल्या गाठी कोण सोडतंय?

९ फेब्रु., सोमवार
रिक्षानं वरसाव्याला गेले. हिरीची सून दारात, आई झोपल्यात. पडद्याखाली हिरीचे पाय दिसत होते, उभे.
आतून आवाज आला, “मेलेल्या माणसाकडं कशाला आलीस गो, गंगे?”
म्हटलं, बघाया आले, सरगात चहा देतात का.
हसली, का खोकली, कळलं न्हाय. मग म्हणाली, “गाण्याआधी इचारतात, कोन हाय नि कोन न्हाय. मना कोनी इचारला?”
मी उंबऱ्यातच बसले.
चहा सुनेनं दिला. पाय बाहेर आले न्हाय.

१२ फेब्रु., गुरुवार
सा.ला बसवलं आणि म्हटलं, ऐकव काय लावलं होतं ते. एवढे दिवस मी ऐकलंच नव्हतं. लाज वाटत होती.
ऐकलं. माझी ओळ, मग धाड धाड ढोल. माझी ओळ, परत ढोल.
म्हटलं, हिरी कुठाय?
सा.नं तिचं मूळचं लावलं. त्यात हाय हिरी. मी हिराय म्हणून हाक मारते, ती उचलता उचलता हसते, म्हणते, माझंच नाव आयतं आलंय गो, आणि सगळ्या बाया हसतात. मग नीट उचलते.
ते कोणीतरी कापलं. सा. म्हणाली, आवाज फाटका वाटला असेल.
फाटकाच तो. त्या फाटक्या आवाजालाच गेलेली माणसं यायची. माझ्या गोड गळ्याला एक पण आलं नसतं.
सा. म्हणते, हे मूळचं पाठवू या, स्वतःचं हसणं ऐकून राग जाईल. न्हाय म्हटलं. तीन वर्षांमागची हिरी आत्ताच्या हिरीला पाठवून मी काय सांगणार? आणि त्यातली हाक अजून मेलेल्या हिरायलाच हाय.

१५ फेब्रु., रविवार. महाशिवरात्र
उपास. दुपारी सा.नं फोन तोंडासमोर धरला, हिरीच्या नातवाच्या नंबरावर पाठवायला. असलेल्यांचा धवला घेतला. हे नाव असलेल्यांतलं, म्हणजे माझ्याकडचं.
वरसाव्याची हिराय मांडवी बसली गो,
आणि थांबले. सा. वाट बघत राहिली. संपलं का आजी? म्हटलं, न्हाय, अर्ध हाय. पाठव तसंच.
चार वाजता दोन रेघा निळ्या झाल्या. म्हणजे ऐकलं. कोणी ऐकलं ते रेघा सांगत न्हाय.
घरात सगळ्यांना बजावलंय, इथं पण लिहून ठेवते. हिरीच्या सुनेचं सॉरी चालणार न्हाय. नातवाचा अंगठा चालणार न्हाय. ढोल वाजला तर तिथंच बंद करायचा. मी टाकलंय, आता हिरीनंच उचलायचं.