नीलाची नाडी लागल्यावर जप्त झालेला बँड

प्रति,
मा. अधीक्षक,
रेवतीबाई बाल-अस्थिशल्य रुग्णालय, नागपूर.

विषय : जप्त केलेली वाद्ये आजच्या लग्नासाठी तातडीने परत मिळणेबाबत.
संदर्भ : मेट्रनबाईंची तोंडी तंबी.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदार रुपराव गजभिये हा सक्करदऱ्यातील ब्रास बँडचा मास्तर आहे. आज सकाळी गिरिधर नामक नवरदेवाची वरात वधूच्या गावी खाप्यास निघत असता अर्जदाराची कन्या नीला, वय सात, बँड पाहण्यास भिंतीवर चढली व पडली. कोपराच्या वर हाड मोडून हात पांढराफटक, थंडगार झाला. नवरदेवाचे मामा भैयाजी तेलाची वाटी घेऊन हाड ओढण्यास धावले. तोच नवरदेव सजवलेल्या मोटारीतून उतरून म्हणाला, "मामाजी, हात नका लावू! मास्तर, पोरीले गाडीत घाला. लगन काय पळून जाऊन राह्यलं का?"

बँडवाल्यांस कोणी थांबा म्हटले नाही, सबब तेही टेम्पोतून मागोमाग आले.

२. डॉ. देवस्थळे नाडी चाचपून म्हणाले, "रक्त अडलंय. आत्ताच हाड बसवलं नाही तर हात जाईल." नीलास आत नेले. अखेर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "नाडी लागली! बोटं गुलाबी झाली. घ्या, आता वाजवा बँड!"

३. अर्जदाराने हा वैद्यकीय आदेश समजून त्याचे तत्काळ पालन केले. वजनाला पाय टांगलेल्या पोरांनी खाटेवर ताल धरला. भैयाजी नाचले. कंपाउंडर नाचला. मेट्रनबाई नाचल्या नाहीत.

४. मेट्रनबाईंनी जप्त केलेली वाद्ये कारकुनांनी 'रुग्णाचे सामान' म्हणून नोंदली असून ती रुग्णाबरोबरच सुटतील असे कळते. नीलास नेण्याची अर्जदारास घाई नाही. तिचा हात आपण हवा तितका सांभाळावा. परंतु वधूपित्याचा खाप्याहून फोन आहे : "नवरदेव मागून आला तं चालते, बँड पयले पाठवा."

५. शिवाय नीला शुद्धीवर येताच रडली, ती दुखण्याने नव्हे. "मी झोपली होती तं काहून वाजवलं?" असे ती विचारीत आहे.

गुन्हा कबूल आहे. पश्चात्ताप करून पाहिला, पण हसू फुटते. तरी वाद्ये सोडण्याची कृपा व्हावी.

आपला ऋणी व अद्याप आनंदाने थरथरणारा,
रुपराव गजभिये
नागपूर, दि. ९ मे १९७६

सोबत : नवरदेव (बाहेर बाकावर).

शेरा : वाद्ये ताबडतोब द्यावीत. फाटकाबाहेर एक गाणे वाजवण्यास हरकत नाही. त्या वेळी मुलांच्या वॉर्डाच्या सर्व खिडक्या उघड्या ठेवाव्यात.
– अधीक्षक