तिघांचं कुळ

३ जून

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं काकूने बजावलंय, आणि तुम्ही चढताच, हेही तिनेच कळवलंय.

पुढचं लिहायचं आठ दिवस टाळलं. संग्रहालयातल्या तुमच्या लंबूटांग्यांचं काम माझ्याकडे आलंय. कोळ्यासारखे दिसणारे, पण जाळं न विणणारे हे जीव ओळखायला तुम्हीच शिकवलंत. त्यांतल्या तीन जातींचं वेगळं कुळ तुम्ही मांडलंत, ते नखांमधल्या मऊ गादीवरून. काका, ती गादी पिल्लांनाच असते. मी तिन्ही जातींची पिल्लं वाढवून पाहिली. शेवटची कात टाकली की गादी जाते. बाटलीतला तुमचा नमुना पिल्लाचा आहे. हे कुळ मोडून तिघांना शेजारच्या मोठ्या कुळात घालावं लागेल.

निबंध तयार आहे. तुम्ही नको म्हणालात तर छापायला पाठवणार नाही.

लोभ या पत्रानंतरही असावा.
तुमची,
ठकू

९ जून

चि. ठकूस,
अ. आ.

तुझं पत्र आल्यापासून स्वारीचं लक्ष कशात नाही. चहा गार झाला तरी तक्रार नाही, म्हणजे बघ. काल माळ्यावर चढून जुनी ट्रंक उपसली. मी पाहिलं, पण बोलले नाही. तू घाबरू नकोस. या माणसाला चूक पचायला वेळ लागतो. ‘तुझं बरोबर होतं’ असं मला आजवर एकदाच म्हणाले, तेही झोपेत.

तुझी,
काकू

१२ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझा राग आला, तिसऱ्या दिवशी स्वतःचा. इतकी वर्षं भिंगातून पाहिलं आणि ते पोर आहे हे कळलं नाही.

नको म्हणालात तर पाठवणार नाही, असं मात्र पुन्हा लिहू नकोस. भिंग तुला माझा मान राखायला दिलं नव्हतं. निबंध पाठव. तिघांना थोरल्या कुळात नीट बसव.

एक भर घाल. सोबत त्या नमुन्याचं मी काढलेलं मूळ चित्र आहे. पकडताना त्याचा मागचा एक पाय गळाला होता. चित्रातला तो पाय मी अंदाजाने काढला, आणि तसं कुठेच नोंदवलं नाही. हे काकूलाही सांगितलेलं नाही. माझं नाव घालून लिही.

माळ्यावर चढलो होतो, तेही तिला कळवू नकोस.

येशील तेव्हा एक पिल्लू घेऊन ये. या खेपेस ते मोठं होईपर्यंत थांबेन.

लोभ होता तसाच आहे.
तुझा,
काका