दुसऱ्या मजल्यावरचं बाकडं

४ नोव्हेंबर, मंगळवार

दारावर नोटीस! दूध घ्यायला दार उघडलं तर कागद. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, वर लाल शाईत 'अंतिम सूचना'. पहिली सूचना कधी दिली होती ते त्यांनाच ठाऊक. आमच्या सोसायटीत सुरुवातच शेवटापासून होते.

गुन्हा काय, तर दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणाशी बाकडं ठेवलं. 'सामाईक जागेत खाजगी वस्तू ठेवून रहदारीस अडथळा.' रहदारी! त्या कोपऱ्यातून एक पाल सोडली तर आजवर कोणी गेलेलं मी पाहिलं नाही.

बाकडं माझ्या हातचं आहे. उरलेल्या सागवानी फळ्या, खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेचे. हिनंच मागितलं. मागच्या महिन्यात ही न्हाणीघरात घसरली, गुडघा सुजला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा विषय 'विचाराधीन' आहे — आम्ही राहायला आलो तेव्हापासून. म्हणाली, "मध्ये टेकायला काहीतरी करा. नाहीतर माझं खाली जाणं संपलं." हिचं खाली जाणं म्हणजे संध्याकाळची बाग, बागेतल्या बायका आणि साऱ्या सोसायटीच्या बातम्या. ते संपलं तर हिचं अर्धं आयुष्य संपेल, आणि उरलेलं अर्धं मला एकट्याला ऐकावं लागेल. लगेच रंधा काढला.

नोटीस लिहिणाऱ्या सचिवबाई त्या बाकड्याच्या अगदी समोर राहतात. मी त्यांना नोटीसबाई म्हणतो. मनात. मोठ्यानं म्हटलं तर त्याचीही नोटीस येईल.

५ नोव्हेंबर

अध्यक्षांकडे गेलो. निवृत्त हेडमास्तर, तळमजला. दार उघडतात तेच 'उशीर का झाला?' अशा चेहऱ्यानं.

"हे बघा शेठ, आज तुमचं बाकडं, उद्या कोणाचं कपाट."

मी म्हटलं, "सर, कपाट आलंच तर आमच्याच दुकानातून घ्या. सवलत देतो."

हसले नाहीत. यांच्या वर्गात कोणी हसत असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन. "बाबा, सोडा ते घर. इकडे या. तळमजला आहे, अंगण आहे, आईला जिनाच नको." सूनही मागून, "या ना खरंच." पोरं गुणाची आहेत. पण ही फोन ठेवून म्हणाली, "तिथं मी कोणाशी बोलू? अंगणाशी?" मग बराच वेळ भांडी जोरात वाजली. म्हणजे प्रकरण असं आहे. बाकडं राहिलं तर घर राहिलं. बाकडं गेलं तर आम्ही मुलाच्या अंगणात दोन कुंड्यांसारखे.

७ नोव्हेंबर

सोसायटीची नियमावली वाचून काढली. शाळेत एवढं वाचलं असतं तर हेडमास्तर झालो असतो. नशीब, नाही वाचलं! दुसऱ्याच्या दुकानात भुसा झाडण्यापासून सुरुवात केली, आज कारखाना आहे, मुलगा चालवतो. तिथं एक गोष्ट शिकलो. फळीवर बोटानं टकटक केलं की आतून पोकळ आहे का ते कळतं. माणसांचंही तसंच. हेडमास्तर आवाजाला भरीव, पण मधे गाठ आहे.

तर नियम. खाजगी वस्तू सामाईक जागेत ठेवायची नाही. बरोबर. पण सोसायटीच्या वस्तू? कुंड्या, वाळूच्या बादल्या, तो मोडका फलक — सगळं जिन्यातच पडलंय!

सापडली फट. पाचर मारायची फक्त.

९ नोव्हेंबर, रविवार

बाकडं सोसायटीला भेट दिलं. हेडमास्तरांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "शेठ, हा आदर्श आहे." मी म्हटलं, "हे तर माझं कर्तव्य." दोघंही इतकं छान खोटं बोललो की थोडं भरून आलं.

१० नोव्हेंबर

बाकडं गायब!

खाली ऑफिसात सापडलं. रात्रभर कुलपात होतं म्हणे. हेडमास्तर त्यावरच बसून वर्तमानपत्र वाचत होते. "आता सोसायटीची मालमत्ता आहे शेठ. जिन्यात कशी उघड्यावर टाकायची?"

माझीच पाचर, माझाच अंगठा.

१२ नोव्हेंबर

ही खाली जात नाही. "बाकडं नाही तर मी नाही." ठीक. मी म्हटलं, मी जाऊन भाजी घेऊन येतो. तर, "मला एकटीला टाकून?" एरवी मी घरात असलो की हिला अडचण होते! मग दोघंही घरात. एकमेकांकडे बघून झालं, खिडकीतून बघून झालं.

दुपारी भाजी घेऊन कोण यावं? नोटीसबाई! "काकू, तुम्ही दिसला नाहीत म्हणून." हिनं त्यांना आत नेलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मी वर्तमानपत्र पुढे धरलं आणि कान तिकडे लावले. माझे कान असे आहेत की शेजारी कोणी चप्पल बदलली तरी कळतं. पण आतून मिक्सर चालू! चहा करायला मिक्सर कशाला लागतो, हे मला या वयात कोणी समजावून सांगेल का?

जाताना नोटीसबाईंनी माझ्याकडे जरा वेगळंच पाहिलं. दंड वाढणार बहुतेक.

१४ नोव्हेंबर

रविवारी सर्वसाधारण सभा. विषयपत्रिकेत बाकडं! भाषण लिहायला घेतलंय. सुरुवातीला नम्र, मग नियम, मग सोसायटीच्या जिन्यातल्या मोडक्या वस्तूंची यादी, शेवटी हिचा गुडघा. बायका रडल्या पाहिजेत.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "फार लांब आहे. दम लागेल तुम्हाला."

१६ नोव्हेंबर, रविवार

फुकट! सगळं भाषण फुकट!

गच्चीवर सभा. गच्चीवर कशाला, तर 'हवा चांगली'. हवा चांगली, जिना वाईट. मी मधे दोनदा थांबून कठडा तपासला. हलतोय. बिल्डरनं कसलं लाकूड वापरलंय! वर पोचलो तर ही आधीच बसलेली. नोटीसबाईंच्या खांद्यावर हात ठेवून आली म्हणे.

हेडमास्तरांनी ठराव वाचला. बाकडं परत जागेवर ठेवावं. "कोणाचा विरोध?" मी उठलो, घसा साफ केला. कोणाचाच विरोध नाही! पहिल्या मजल्यावरचे हरकतवाले — आभारप्रदर्शनालाही हरकत घेणारा माणूस — त्यांनी ठरावाच्या बाजूनं सगळ्यांत आधी हात वर केला. हेडमास्तर म्हणाले, "बसा शेठ. मंजूर झालंय." मी कागद घेऊन तसाच उभा. लढाईला निघालो आणि समोरच्यांनी चहा दिला!

पण सोसायटी ती सोसायटी. बाकड्याला नियमावली जोडलीच. नोटीसबाईंनी ती भिंतीवर काचेत लावली आहे. नमुना:

नियम दोन — बाकड्यावर पाय वर घेऊन बसू नये. 

नियम तीन — बसलेल्या व्यक्तीसोबत जी व्यक्ती असेल तिनेही बसणे बंधनकारक. दोघांनी सोबतच उठावे.

नियम चार — पिशव्या घेऊन चढणाऱ्याने पिशव्या बाकड्याशी ठेवाव्यात. त्या वर पोचवणे ही सोसायटीची जबाबदारी.

नियम तीन वाचून मी मोठ्यानं हसलो. उभं राहायलाही आता परवानगी लागणार! उद्या श्वास किती घ्यायचा त्याचाही ठराव करतील.

कोणीच हसलं नाही. या लोकांना विनोद कळत नाही.

२० नोव्हेंबर

अंमलबजावणी सुरू. वर येताना ही बाकड्याशी थांबते, "आई गं" म्हणते, बसते. मी उभा. लगेच समोरचं दार उघडतं.

"काका, नियम तीन."

"अहो, गुडघा हिचा दुखतो. शिक्षा मला का?"

"नियम आहे काका. बसा."

बसतो. काय करणार! माझं बाकडं, मीच भेट दिलं, मलाच हुकूम. नोटीसबाई मग पाण्याचा पेला आणतात. हिच्यासाठी. ही एक घोट पिते आणि उरलेलं माझ्या हातात देते. टाकायचं कशाला, म्हणून मी पितो.

खोटं कशाला लिहू, बसायला बरं आहे. फळीला मी मागून किंचित उतार दिलाय, पाठ टेकते. आणि ऐकायला त्यासारखी जागा नाही. सगळ्या मजल्यांचे आवाज त्या वळणात येऊन पडतात. कोणाची पोर नापास, कोणाचा जावई रुसलाय, हरकतवाल्यांना घरात हरकत घ्यायची सोय नाही — त्यांच्या बायकोचा आवाज ऐकला आणि त्या माणसाबद्दलचा राग निम्मा झाला.

२३ नोव्हेंबर

आज बटाट्यांची पिशवी बाकड्याशी ठेवून सहज उतरून बागेत गेलो. परत येतो तो हरकतवाले पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर! प्रत्येक पायरीला कुरकुर. "एवढे बटाटे खातं कोण? दोन माणसं तुम्ही! काही प्रमाण?" पण आणली. दाराशी ठेवली, पडलेला बटाटा उचलून परत आत घातला.

वैतागवाडी आहे ही. पण मुलाच्या अंगणात कोणी बटाट्यांवरून माझी हजेरी घेतली नसती, हेही खरं.

२६ नोव्हेंबर

काहीतरी शिजतंय.

हेडमास्तर लिफ्टच्या मागे लागलेत! इतकी वर्षं हाच माणूस सांगायचा, "जिना हा उत्तम व्यायाम." राहतात तळमजल्यावर. त्यांना लिफ्ट कशाला? वर जायची एवढी घाई? आज घरोघर सह्या घेत फिरले. हरकतवाल्यांनी न वाचता सही केली. न वाचता! हा माणूस दुधाची पिशवी उलटसुलट वाचून मग फोडतो.

मी सरळ विचारलं, "सर, एकदम मत कसं बदललं?"

"मुलांच्या... आपलं, सभासदांच्या हितासाठी."

मी उतरायला लागलो की खालचं बोलणं थांबतं. आज स्पष्ट ऐकलं. नोटीसबाई: "...निदान तोवर तरी..." मग मी दिसलो, तर म्हणाल्या, "काका, छान ऊन पडलंय नाही?" जिन्यात! जिथं ऊन कधी पोचतच नाही!

मी लाकडाच्या व्यापारात केस पांढरे केलेत. ओली फळी वाळलेली म्हणून माझ्या गळ्यात मारणारे पुष्कळ पाहिले. शोधून काढतोच.

३० नोव्हेंबर

हिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय वाकवला, सरळ केला, ठोकून पाहिला. "गुडघा ठणठणीत आहे."

ही म्हणाली, "आतून दुखतो."

डॉक्टर हिच्याकडे बघत राहिले, मग मान हलवली. "मग दुखत असेल." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही कधी तपासून घेताय?"

मला काय झालंय! या छातीवर मी आख्खी कपाटं वाहिलीत. भुशात जन्म गेला, कधी शिंकलो नाही. म्हटलं, "मी फक्त सोबत आलोय." डॉक्टर म्हणाले, "हो, तसंच सांगतात सगळे." काही माणसांना गिऱ्हाईक मिळवायची फार हौस.

परतताना जिन्यात ही बसली. मीही बसलो. नियम तीन.

२ डिसेंबर

मुलाचा फोन. "आई, ठरलं का?" ही म्हणाली, "अरे, इथलं बाकडं सोडून कुठं येऊ? लिफ्टही होतेय." मग आवाज खाली आणून काहीतरी बोलली. मी बाहेरच्या खोलीत होतो. मिक्सर चालू.

३ डिसेंबर, बुधवार

दुपारी डोळा लागला होता. जाग आली ती टपटप पावलांनी. दार किलकिलं करून कठड्यावरून खाली पाहिलं. ही! दोन्ही हातांत पिशव्या, न थांबता, पोरीसारखी वर येतेय.

"काकू, हळू! काका बघतील," — नोटीसबाई.

"झोपलेत ते. झोपेतही छाती वाजते गं त्यांची, ऐकवत नाही."

"सांगून टाका ना. किती दिवस गुडघा दुखवणार?"

"त्यांच्यासाठी म्हणून बाकडं मागितलं असतं तर ते बसले असते? जन्मात नाही. लिफ्ट होईपर्यंत दुखू दे."

मी दार हळूच लावलं. पुन्हा आडवा झालो, डोळे मिटले. ही आत आली, वाकून माझा श्वास ऐकला, पांघरूण सारखं केलं. एवढे कान माझे, आणि हा एक आवाज तेवढा मी सोडून सगळ्या सोसायटीला ऐकू येत होता.

संध्याकाळी बागेतून परत येताना दुसऱ्या मजल्यावर मीच म्हटलं, "अगं, गुडघा दुखत असेल ना तुझा? बसू या जरा."

बसलो. आज आधी मी.