शिक्षेतली सूट

ता. ९ फेब्रुवारी २०११

थोरल्या वन्संना नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. धाकट्याचा ताप उतरला, थोरली परीक्षेच्या तयारीत आहे. माझं नेहमीचंच, कवळ्यांच्या ऑर्डरी इतक्या आल्यात की नखांतलं प्लास्टर आंघोळीनंतरही निघत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका.

तुमचे फोन मी मुद्दामच घेत नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो वन्सं’ म्हणते. लग्नापासूनची सवय. कागदावर तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

‘तू माझ्या भावाला वाचवलंस, पोरी,’ असा तुमचा निरोप मिळाला. मला हसूच आलं. मी काय केलं? तुम्ही बसवलंत तशी बसले. सुनावणीच्या आदल्या दिवशी येऊन माझं कपाट तुम्हीच उघडलंत आणि त्यातला सगळ्यात विटका ड्रेस काढलात. “घड्याळ घालू नकोस, कमावती दिसशील,” म्हणालात. “आणि रडू आलं नाही तर निदान रुमाल तरी हातात धर.” मुलांची शाळा बुडवलीत. वकिलांनी आम्हा तिघांना पुढच्या बाकावर मांडलं, दुकानाच्या काचेत बाहुल्या मांडतात ना, तसं. वर धाकट्याला सांगितलं, आईच्या मांडीवर बस. आठ वर्षांचा घोडा तो! माझ्या मांडीला मुंग्या आल्या.

तुम्ही उशिरा पोचलात, म्हणून आमच्या आधी काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या आधी एका लिफ्टमनला शिक्षा सुनावायची होती. तोच गुन्हा, तेच कलम. त्याचीही बायको आली होती, कडेवर तान्हं पोर. ते रडायला लागलं तशी शिपायानं तिला बाहेर काढलं. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलंही नाही. लिफ्टमनला मुलं आहेत का, घरात कोण कमावतं, एक प्रश्न नाही. दहा वर्षं. पुढचा!

पुढचा म्हणजे तुमचा भाऊ. साहेबांनी चष्मा पुसला, माझ्या मुलांकडे पाहिलं आणि त्यांच्या आवाजाला एकदम पाझर फुटला. “आरोपी उच्चशिक्षित आहे. समाजात त्याला मान आहे. पत्नी आणि दोन लहान मुलं सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून आहेत. ही खास कारणं धरून किमान शिक्षेपेक्षा कमी.” तीन वर्षं.

सर्वस्वी अवलंबून! दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तुमच्या भावाचं तर लोकांचे कोरूनही भरलं नाही. दवाखान्याचं भाडं माझ्या कवळ्या भरतात, हे तुम्हाला माहीत आहे, वकिलांना माहीत आहे. त्या साहेबांना मात्र विचारावंसंही वाटलं नाही. विटका ड्रेस पाहिला आणि समजले. एवढे शिकलेले गृहस्थ, आणि तुमच्यासारख्या बाईनं रुमालावर गुंडाळले.

न्यायाधीशांना मोकळीक नसावी असं मी म्हणत नाही. गुन्हे सारखे नसतात, माणसंही नसतात. पण दोन माणसांकडे सारखं बघता येत नसेल, तर ती मोकळीक काय कामाची? यांना एक डॉक्टर दिसला आणि एक लिफ्टमन दिसला. ज्यांचं वाटोळं झालं त्या दोघी तर कुठेच दिसल्या नाहीत.

बाहेर तुम्ही वकिलांचे आभार मानत होतात, तेव्हा मी मुलांना पाणी पाजायला गेले. तिथे आमच्या खटल्यातल्या त्या मुलीची आई उभी होती. मला वाटलं, आता ही थुंकणार. ती धाकट्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “साहेबांना तुमची मुलं दिसली. माझी पण तिथंच बसली होती हो, त्याच खोलीत.”

मी मुलांचे हात धरले आणि तिथून निघाले.

घरी आल्यावर थोरलीनं विचारलं, “आम्ही होतो म्हणून बाबांना कमी झाली ना? मग त्या लिफ्टवाल्या काकांचं बाळ चाललं नाही का?” वन्सं, तुमच्या भावानं दवाखान्यात कामाला असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला. तुमच्या घरात त्याला ‘ते प्रकरण’ म्हणतात, म्हणून मुद्दाम शब्द लिहिला. त्यानं केलं ते त्याचं. पण त्याची शिक्षा कापायला माझ्या पोरांची कात्री केलीत, ते तुमचं.

आता इतका वेळ जे टाळत होते ते सांगते. मी सरकारी वकिलांकडे गेले होते. घड्याळ घालून गेले. म्हटलं, “मी त्याच्यावर अवलंबून नाही. कधीच नव्हते. कुठे लिहून देऊ?”

ते म्हणाले, “बाई, पुन्हा विचार करा. घरचे तुम्हाला दारात उभं करणार नाहीत.”

“बसवून बघितलंय त्यांनी,” मी म्हटलं. “उभं मी माझं राहीन.”

प्रतिज्ञापत्र दिलं. शिक्षा वाढवून मागणारं अपील त्यांनी दाखल केलं आहे. त्याची नोटीस तुमच्या भावाला तुरुंगात मिळेल आणि तो पहिला निरोप तुम्हालाच पाठवेल, म्हणून आधी कळवते. लिफ्टमनच्या वकिलांनाही दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा म्हणून सांगितलं आहे. त्याला जास्त झाली की तुमच्या भावाला कमी, ते वरच्या कोर्टानं ठरवावं. फक्त डोळे उघडे ठेवून ठरवावं.

आणि हो, भेटीला गेले होते तेव्हा तुमचे बंधुराज म्हणाले, “चांगल्या वर्तणुकीनं दोन वर्षांत सुटेन, दवाखाना झाडून ठेव.” दवाखान्याची किल्ली मी मालकाला परत केली आहे. खुर्ची आणि अवजारं तुमच्या पत्त्यावर येतील. जागा करून ठेवा. तो सुटेल तेव्हा त्यालाही तुमच्याकडेच यावं लागेल.

तारखेला तुम्ही याल, हे ठाऊक आहे. मुलं शाळेत असतील. मला शोधायचं असेल तर त्या मुलीच्या आईशेजारी बघा. तिला विचारलं, तर म्हणाली, “या. जागा आहे.”

अजून तरी कागदोपत्री तुमची,
भावजय