झाकण

शहाड, रविवार

प्रिय चांगदेव,

सोसायटीच्या गेटवर तुझी खुर्ची अजून तशीच आहे रे. नवा वॉचमन बसतो तिच्यावर, मोबाइलमध्ये डोकं घालून. मी आपला बागेला पाणी घालतो. जास्वंद यंदा अशी फुललीय की बघवत नाही.

जुलैत नदीचं पाणी पंपरूममध्ये शिरलेलं, आठवतं? युरियाची गोणी भिजून दगड झालेली. मी फेकायला निघालेलो, तर तूच अडवलंस. म्हणालास, अरे येड्या, भिजलं तरी खत ते खतच, पाण्यात विरघळवून घाल. वर हेही म्हणालास की बादली झाकून ठेव, ते पाणी जनावराला वाईट. ऑक्टोबरच्या त्या दुपारी गेटजवळच मोठं ढेकूळ फोडून बादलीत टाकलं. युरिया विरघळला की पाणी माठातल्यासारखं गार पडतं. मी हात बुडवून बसलेलो, बरं वाटलं. मग चहाला गेलो. झाकण घातलं नाही.

मालन गेटला गाय बांधून बसायची, येणारे-जाणारे तिच्याकडून पेंढी घेऊन गाईलाच घालायचे. ती पेंढ्या आणायला गेलेली. मी परत आलो तर बादली रिकामी आणि गाय थरथरतेय. तोंडाला फेस. मी काय केलं ठाऊक आहे? बादली नळाखाली धुतली.

उंदरांच्या गोळ्या तू ठेवायचास, म्हणून गाय मेल्यावर सगळे तुझ्यावर आले. कमिटीसमोर तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. तुला सगळं ठाऊक होतं. माझ्या अक्षदाचं लग्न आठ दिवसांवर होतं, म्हणून गप्प बसलास ना? आणि मी तुला गावच्या एसटीत बसवून आलो, वाटेत खायला केळी घेऊन दिली. लाज वाटते रे मला.

मालन आता रिकाम्या दाव्याशेजारी बसून दुसऱ्याच्या गाईसाठी पेंढ्या विकते. रोज सकाळी तुझ्या नावानं बोटं मोडते. मी तिथूनच पाण्याचा पाइप ओढत जातो.

तिला वाचता येत नाही. म्हणून आज हे पत्र आधी तिला वाचून दाखवणार, मग सेक्रेटरीला, आणि त्यानंतरच पेटीत टाकणार. तुझ्या हातात पडलं, तर समज, वाचून झालं. नाही पडलं, तर मी परत एकदा चहाला गेलो.

तुझाच,
धाकू