आधी गूळ खा, मंग रड

माय,

माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. तुला सांगायला इतके दिवस लागले, कारण ऑपरेशनपेक्षा मोठी काळजी नंतर मागे लागली. छाती उघडली, पायातली शीर काढून हृदयाला जोडली, छातीचं हाड तारेनं शिवलं, हे सगळं मी सोसलं. पण शुद्धीवर आल्यावर नर्सबाईनं बोटाला सुई टोचली आणि म्हणाली, "आजोबा, शुगर लय वाढली की तुमची," तिथं मी खचलो. मला साखरेचा रोग कधीच नव्हता. ऑपरेशनच्या आधी सगळ्या तपासण्या झाल्या, त्यात साखर चोख होती. आदल्या दिवसापासून पोटात अन्नाचा कण नाही, पाणीसुद्धा नाही. मग ही साखर आली कुठून? घशात नळी घालून काढलेली, त्यामुळे आवाज फुटेना. तिनं सलाईनच्या नळीत इन्सुलिन सोडलं. आमच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पायाचा अंगठा साखरेनं गेला, तेव्हा तोही हेच नाव घ्यायचा. मला वाटलं, झालं. हृदय वाचलं आणि पाय गेले.

वॉर्डात आणलं तेव्हा तुझी सून उशाशी बसली. तू तिला पाहिलंस ती नवी नवरी असताना, आता तिचेही केस पांढरे झालेत. नर्सबाई चादर बदलायला आली, तर उशीखालून कागदाची पुडी निघाली. "ह्यात काय हाय?" तिनं विचारलं. पुडीत खडीसाखर होती, पोखर्णीच्या नरसिंहाचा प्रसाद. ऑपरेशनच्या आधी हिनं गुपचूप ठेवली होती आणि माझ्याबरोबर ती त्या खाटेवरून या खाटेवर आली होती. वाढलेल्या साखरेचं सगळं खापर हिनं स्वतःवरच फोडून घेतलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मीच मेली येडी. देवाची म्हणून ठिवली. तुमी खाल्ली का, खरं सांगा."

"न्हाई खाल्ली."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ."

"माझी नगं. सोताची घ्या."

नर्सबाई हसली. मला हसता येत नव्हतं, हसलं की छातीची तार ओढायची. पण खरं सांगतो, माझ्याही मनात आलं होतं. गुंगीत असताना खाल्ली असेल का? खाल्ल्याचं आठवत नव्हतं आणि न खाल्ल्याचंही आठवत नव्हतं.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या नातीच्या वयाच्या असतील. मी विचारलं, "बाई, पोटात काही नसताना साखर आली कुठून?" त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. बसून बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही झोपला होतात, पण तुमचं शरीर झोपलं नव्हतं. त्याला वाटलं, मोठा घाव बसलाय, आता जगायचं तर बळ पाहिजे. म्हणून लिव्हरमध्ये साठवून ठेवलेली साखर त्यानं बाहेर काढली आणि रक्तात सोडून दिली. साखरेचा आजार नसलेल्या पुष्कळांना असं होतं. जास्त राहिली तर जखम चिघळते, म्हणून आपण ती इन्सुलिननं खाली आणतो. बहुतेकांची आपोआप उतरते."

"आणि न्हाई उतरली तर?"

"काहींची नाही उतरत. मग तो आजार मुळातच दबा धरून बसलेला असतो, किंवा पुढे जडतो. तीन महिन्यांनी तपासू."

"त्याला कुणी सांगितलं सोडायला?"

"कुणाला?"

"शरीराला."

त्या हसल्या. "कुणी सांगायला लागत नाही, आजोबा. घाबरलं की ते स्वतःच देतं."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या आणि मला, माय, तुझं शिंक्यातलं गाडगं दिसलं.

बोरीच्या आपल्या घरात चुलीच्या वर ते शिंकं टांगलेलं आहे. गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधलंय, धुरानं काळं पडलेलं. आमचा कुणाचा हात तिथवर पोचत नाही, तुझाही टाचा उचलूनच पोचतो. मी लहान आहे, विहिरीत पडलेली घागर काढायला उतरलोय, पाय घसरलाय, आणि दगडाच्या एका कपारीला धरून मी दुपारपासून पाण्यात लटकलोय. बायका पाणी शेंदायला आल्या तेव्हा कुठे माणसं गोळा झाली. मला घरी आणलं तर माझे दात वाजतायत, डोळ्यांत पाणी भरलंय. तू ओरडली नाहीस. जवळही घेतलं नाहीस. टाचा उचलून गाडगं काढलंस, वरवंट्यानं गुळाचा खडा फोडलास आणि माझ्या तोंडात कोंबलास. "आधी गूळ खा, मंग रड." गूळ विरघळेपर्यंत माझ्यासमोर उकिडवी बसून राहिलीस. तो संपला, दात वाजायचे थांबले, तेव्हा विचारलंस, "सपला का?" मी मान हलवली. मग एक अशी थापड दिलीस की कान वाजला. "मेला असतास म्हंजे!" आणि मग दोघंही रडलो.

तुझा क्रम कधी चुकला नाही. सातवीत नापास झालो तेव्हाही आधी गूळ. मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, ह्याला आता कामाला लावा, तर मास्तरांनाही तू आधी गूळपाणी दिलंस आणि मग त्यांच्याशी भांडलीस. मी देवगाव फाट्यावर चहाच्या हॉटेलात कामाला निघालो तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात चिंधीत बांधून खडा घातलास. उन्हानं तो पाघळला, खिसा चिकट झाला, दिवसभर मुंग्या माझ्या मागे. मालक म्हणाला, "तुझ्या मायनं तुला पाठिवलं का मुंग्यायला?" मी खिसा धुतला नाही पुष्कळ दिवस.

तू गेलीस त्या दिवशी मला कुणी गूळ दिला नाही. सुतकात गोड चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण सगळे स्मशानातून परत आल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि शिंक्याखाली उभा राहिलो. माझा हात आता पोचत होता. मी वर केला नाही. तसाच रडलो, गुळावाचून, क्रम मोडून. तेव्हापासून जे जे अंगावर आलं ते तसंच झेललं.

म्हणून त्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं मनात रुतलं. बेशुद्ध पडलोय, छाती फाकलेली आहे, आतल्या आत कुणीतरी टाचा उचलतंय, गाडगं काढतंय. हे मी कुणाला बोललो नाही. माणसं म्हणतील, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

घरी आलो तेव्हा साखर थोडी उतरली होती, पुरती नाही. इन्सुलिन थांबवलं होतं. तीन महिने हिनं गूळ, साखर सगळं कुलपात ठेवलं. मी रोज सकाळी हिचा कुंकवाचा आरसा घेऊन तळपायाला भेगा पडल्यात का बघायचो. ही म्हणायची, "तोंड बघा जरा कवातरी आरशात, दाढी वाढली." फाट्यावरचं ते हॉटेल पुढे मीच घेतलं, हे तुला माहीत नाही. आता पोरगा चालवतो. तिथं जाऊन बसलो तर गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "अण्णा, साखर कशाला खर्चता? चहात नुसतं बोट फिरवा." सगळे हसायचे, मीही हसायचो आणि घरी येऊन पुन्हा आरसा घ्यायचो. उतरेल का, नाही उतरणार, सुई जन्माची लागेल का, पाय राहतील का. ही एकदा वैतागून म्हणाली, "अवो, भिऊन भिऊनच वाढंल ती!" ते ऐकून तर आणखी भ्यालो.

काल पोरगा सेलूला रक्त तपासायला घेऊन गेला. आज रिपोर्ट आला. साखर उतरली आहे. रोग नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "निर्धास्त राहा आजोबा, फक्त दरवर्षी एकदा तपासत जा." पोरानं हॉटेलात सगळ्यांना फुकट चहा पाजला. हिनं कुलूप काढलं, खडीसाखरेची ती पुडी देवापुढे ठेवली आणि बशीत गुळाचा खडा आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "खा आता. झाली न्हवं सुटका?"

सुटका झाली हे खरं. पाय दोन्ही शाबूत आहेत. पण तुला लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. हे पत्र मी टाकणार कुठे, आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं? म्हणून लिहून टाकतो. रिपोर्ट ऐकला तेव्हा सगळे हसत होते आणि मला क्षणभर वाईट वाटलं. तीन महिने मी भीत होतो, पण भीत असताना वाटायचं की आत अजून कुणीतरी गाडगं उघडं ठेवून बसलंय. आता फडकं बांधून ते वर टांगलं गेलंय.

गूळ बशीत तसाच आहे. ही समोर बसून तांदूळ निवडतेय आणि मधूनमधून बशीकडे बघतेय. "खात का न्हाई?" म्हणते. खाईन. पण खाल्ला की पुढचं करावं लागेल, आणि ते हिच्यासमोर नको. ही चूल पेटवायला आत गेली की खाईन.